अरिष्टकाळीं कोण तरेल: गांव कीं नगर?

२०२० सालीं साथीच्या भीतीनें देशांतील सारे व्यवहार एकाएकीं थांबले, तेव्हांपासून सुशिक्षित कुटुंबांच्या बैठकींत एक प्रश्न वारंवार निघूं लागला आहे. उद्यां खरोखरच समाजाची घडी विसकटली, आगगाड्या थांबल्या, बाजार ओस पडले आणि पैशाला किंमत उरली नाहीं, तर टिकाव कोणाचा लागेल? खेड्यांतील मनुष्याचा कीं शहरांतील? बहुतेक शहरवासी या प्रश्नाचें उत्तर आपल्या विरुद्ध देतात. खेड्यांत धान्य पिकतें, विहिरीला पाणी असतें, दावणीला जनावर असतें. नळ आणि वीज बंद पडल्यास आपण चार दिवसांत हवालदिल होऊं, शेतकरी मात्र आपल्या भाकरीवर सुखानें राहील, असें त्यांस वाटतें. उलटपक्षीं खेड्यांतील मनुष्यास वाटतें कीं, संकट आलें म्हणजे दवाखाना, धान्य आणि सरकारचें लक्ष हीं सारीं आधीं शहराच्या वांट्यास जातात. दोघांसही दुसऱ्याचें घर अधिक सुरक्षित वाटावें, ही गोष्ट बोधप्रद आहे.

कल्पनेच्या बळावर असल्या प्रश्नाचा निकाल लावणें सोपें असतें. परंतु इतिहासानें हा प्रयोग आपल्या प्रांतांत अनेकदां करून ठेवला आहे, आणि त्याच्या नोंदीही उपलब्ध आहेत. त्या पाहण्यासाठीं आम्हीं बुलढाणा जिल्ह्यांतील नांदुरा हें ठिकाण मध्यभागीं धरलें आहे. कारण तें धड खेडें नव्हे आणि धड शहरही नव्हे. ज्ञानगंगेच्या कांठीं, पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनींत वसलेलें हें तालुक्याचें गांव मुंबईपासून लोहमार्गानें सुमारें सव्वापांचशें किलोमीटरांवर आहे. पश्चिमेस मलकापूर, पूर्वेस शेगांव, आग्नेयेस खामगांव, आणि उत्तरेस दूर तापीतीरीं बऱ्हाणपूर. मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि सुरत-नागपूर महामार्ग हे दोन्ही येथूनच जातात. शेतांतला माल येथें येऊन शहराकडे जातो, आणि शहरांतलें बरेंवाईट येथूनच खेड्यांत शिरतें. गांव आणि नगर यांच्या भाग्याची तुलना करावयाची, तर याहून सोयीची जागा सांपडणें कठीण.

प्रथम गांवाचा पक्ष पाहूं. राजवटी उलथतात, फौजा येतात आणि जातात, परंतु हिंदुस्थानांतलें खेडें आपल्या जागीं कायम राहतें, हा विचार सर चार्ल्स मेटकाफ यानें १८३० च्या सुमारास मांडला आणि पुढें तो कित्येक देशभक्तांनींही उचलला. या म्हणण्यांत तथ्य होतें. जुन्या वऱ्हाडी गांवाची मांडणीच संकट गृहीत धरून केलेली होती. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. गांवाच्या मध्यावर पांढऱ्या मातीची गढी असे. लुटारूंची चाहूल लागली कीं, माणसें आणि जेवढीं मावतील तेवढीं गुरें तिच्या आंत जात. ज्वारी जमिनीखालच्या पेवांत उतरविली म्हणजे ती वर्षानुवर्षें टिके, आणि वरून माती सारवल्यावर परक्यास पेवाचा ठावही लागत नसे. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट यांची मजुरी रोख पैशांत नसून खळ्यावरच्या राशींत होती. पीक थोडें आलें तर सर्वांचा वांटा थोडा होई, पण वांटा मागण्याचा हक्क बुडत नसे.

हा हक्क किती मोलाचा होता, हें तो नाहींसा झाल्यावर कळलें. १३९६ च्या सुमारास दख्खनेंत दुर्गादेवीचा दुष्काळ सुरू झाला. तो बारा वर्षें टिकला असें परंपरा सांगते. मुलूखच्या मुलूख ओसाड पडले. पुढें बहामनी दरबारानें तो प्रदेश पुन्हां वसविण्यासाठीं दादो नरसू काळे नांवाचा अनुभवी ब्राह्मण आणि एक तुर्की खोजा यांस पाठविलें. ग्रँट डफनें आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत ही हकीकत दिली आहे. जमीन होती तेथेंच होती आणि पाऊसही परत आला होता. परंतु कोणत्या गांवाची शीव कोठें, आणि कोणतें शेत कोणाचें, हें सांगणारा मनुष्य उरला नव्हता. तेव्हां दोन-दोन, तीन-तीन गांवांची जमीन एकत्र करून एकेक गांव बसवावें लागलें. जो कसावयास तयार होईल त्यास ती दिली. पहिल्या वर्षीं सारा माफ केला आणि दुसऱ्या वर्षीं बिघ्यामागें तोबराभर धान्य घेतलें. ही कथा वऱ्हाडापेक्षां देशावरची अधिक आहे, पण तिचें तात्पर्य सर्वत्र लागू पडतें. गांव म्हणजे नुसती जमीन नव्हे. कोणाचें काय, आणि कोणाला काय मिळावयाचें, याविषयींची सर्वांस मान्य असलेली स्मृति म्हणजे गांव. ती स्मृति मेली कीं काळी जमीनही उपाशी ठेवते.

मात्र या जुन्या गांवाचें चित्र रंगवितांना एक गोष्ट लपवितां येणार नाहीं. खळ्यावरचे सारेच वांटे सारखे नव्हते. गांवकुसाबाहेर ज्यांस ठेवलें होतें, त्यांस सार्वजनिक विहिरीचें पाणीही मोकळें नव्हतें. सुकाळांत ज्यास शेवटचें मिळे, त्यास दुष्काळांत कांहींच मिळत नसे. १९४८ च्या नोव्हेंबरांत घटना समितीपुढें बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं मेटकाफच्या याच विचाराचा समाचार घेतला होता. खेडीं टिकलीं हें खरें असेल, परंतु तीं कोणत्या पायरीवर टिकलीं, आणि तशा टिकण्यांत अभिमान धरण्यासारखें काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता. ‘गांव तरेल’ असें म्हणतांना गांवांतला कोण तरेल, हें विचारल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, तें याचमुळें.

आतां नगराचा पक्ष पाहूं. लुटारूंच्या काळांत संपत्ति हीच नगराचा शत्रु ठरे आणि तीच त्याची ढालही होई. अठराव्या शतकांत वऱ्हाड हें निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दोअमलाखालीं होतें. त्यांत पेशव्यांच्या फौजाही येथून जात. नांदुऱ्याच्या शेजारच्या मलकापुरास दगडी तट होता. तरीसुद्धां १७६१ च्या सुमारास रघुनाथरावाच्या फौजेस साठ हजार रुपये भरून त्या शहरास आपली लूट टाळावी लागली. ज्या खेड्यापाशीं साठ रुपयेही नसत, त्यास असला सौदा करण्याची सोय नव्हती. परंतु पैसा हें कांहीं कायमचें कवच नव्हे. याच जिल्ह्यांतील मेहकर हें विणकरांचें नांवाजलेलें गांव. तेथल्या मोमीन विणकरांपाशीं एके काळीं इतकें द्रव्य होतें कीं, गांवाच्या तटाचें काम त्यांनीं अंगावर घेतलें. पुढें पेंढाऱ्यांनीं तें लुटलें आणि पाठोपाठ १८०३ चा दुष्काळ आला. त्या तडाख्यांतून मेहकरास पूर्वीचें वैभव पुन्हां आलें नाहीं. कापड विकून जगणाऱ्या गांवाचा गिऱ्हाईकच उपाशी मरूं लागला, तर तट काय करणार?

त्याहून मागें जावयाचें तर १६३० ते १६३२ चा दुष्काळ आहे. गुजराथ आणि दख्खन या दोन्हींस त्यानें ग्रासलें. त्या वेळीं शहाजहान बादशहा दख्खनच्या मोहिमेसाठीं बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. बादशहाच्या दरबारी इतिहासांत नोंद आहे कीं, बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत या शहरांत लंगर उघडण्याचा हुकूम झाला, आणि बऱ्हाणपुरास दर सोमवारीं पांच हजार रुपये वांटण्यांत आले. वीस आठवड्यांत ही रक्कम एक लक्ष झाली. दान कमी कीं अधिक, हा प्रश्न येथें नाहीं. लक्षांत घेण्याजोगें हें कीं, तीनही लंगर शहरांत होते. ज्यांच्या शेतांत धान्य पिकावयाचें, त्यांस मूठभर शिजलेल्या अन्नासाठीं शहराच्या वेशीपर्यंत चालत जावें लागे. जो पोंचला त्यास कांहीं आशा होती, वाटेंत पडला त्याची गणतीही झाली नाहीं.

येथवरचा काळ जुना होता, असें कोणी म्हणेल. म्हणून आतां त्या काळाकडे वळूं, ज्याचीं अक्षरें आमच्या आजच्या जीवनावरही उमटलेलीं आहेत. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडी कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला. १८७० सालीं लॉर्ड मेयो यानें स्वतः येऊन जलंब-खामगांव फांटा खुला केला, इतकी खामगांवच्या कापूसबाजाराची मातबरी होती. नांदुऱ्यासारखीं स्टेशनाचीं गांवें याच सुमारास फुगलीं. शेतकऱ्याच्या हातांत रोकड आली. तिजबरोबर सावकाराचा कागदही आला. ज्वारीचीं शेतें कापसाखालीं जाऊं लागलीं. पेवांत धान्य पुरून ठेवण्यापेक्षां तें विकून रुपया करणें शहाणपणाचें ठरलें, कारण आगगाडी हवें तेव्हां धान्य आणील असा भरंवसा होता. सालदार आणि मजूर यांसही हळूहळू धान्याऐवजीं पैसे मिळूं लागले. लक्ष्मण सत्या या इतिहासकारानें १८५० ते १९०० या काळांतील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांचा संबंध आपल्या ग्रंथांत सविस्तर दाखविला आहे.

या बदलाची परीक्षा १८९९ सालीं झाली. पाऊस चुकला. ज्वारी गेली, कापूस गेला, आणि चाऱ्यावांचून गुरेंही गेलीं. विक्रम संवत् १९५६ वरून लोक त्यास ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणूं लागले. आगगाडी खरोखरच धान्य घेऊन आली. दूर ब्रह्मदेशाचा तांदूळ देखील त्या वर्षीं हिंदुस्थानच्या दुष्काळी मुलुखांत पोंचला. धान्य स्टेशनावर होतें, दुकानांत होतें. तें विकत घेण्याचें सामर्थ्य मात्र मजुराच्या हातांत नव्हतें. कापूस वेंचावयास नाहीं म्हणून मजुरी नाहीं, मजुरी नाहीं म्हणून दाणा नाहीं. खळ्यावरचा जुना हक्क सुटला होता आणि त्याच्या जागीं नवा कोणताही हक्क आला नव्हता. सरकारी कामांवर खडी फोडून मिळेल तेवढ्या मजुरीवर हजारों कुटुंबांनीं ते महिने काढले.

आतां दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहूं. १८९१ च्या शिरगणतींत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,८१,०२१ होती. १९०१ सालीं ती ४,२३,६१६ भरली, म्हणजे दहा वर्षांत शेंकडा बारा माणसें घटलीं. त्याच काळांत मुंबई शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ वरून ७,७६,००६ वर आली. देशांतलें सर्वांत श्रीमंत शहर आणि कापसानें श्रीमंत म्हणविला जाणारा ग्रामीण जिल्हा, दोन्हीही एकाच दशकांत खालीं आलीं. पण एकास भुकेनें गांठलें, दुसऱ्यास रोगानें. अर्थात् या घटींत मरण पावलेले आणि निघून गेलेले असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत. तरी खेड्याची घट शहराच्या दुपटीहून अधिक आहे, हें ‘गांव सुरक्षित’ म्हणणाऱ्यांनीं विसरूं नये.

मुंबईची घट प्लेगामुळें झाली. १८९६ च्या अखेरीस तो तेथें पसरला आणि १८९७ च्या आरंभीं शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली. येथें गांवाचें श्रेष्ठत्व उघड दिसतें. दाटीवाटीच्या चाळींतल्या मनुष्यास पळण्यावांचून गति नव्हती. खेड्यांतले लोक मात्र उंदीर पडूं लागले कीं, घरें सोडून शेतांत झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरल्यावर परत येत. गांवास स्वतःपासून दूर होतां येतें, नगरास तें साधत नाहीं. परंतु हें श्रेष्ठत्वही सर्वकाळ टिकणारें नव्हतें. १९१८ सालीं मुंबईस उतरलेला इन्फ्लुएंझा आगगाडीनें आंत आला, तेव्हां शेतांतली झोपडी उपयोगी पडली नाहीं. घरांतलीं सारींच माणसें एकदम अंथरुणास खिळलीं, तर पाणी देणारा कोण आणि उभें पीक कापणारा कोण? त्या साथींत ब्रिटिश हिंदुस्थानांतील ज्या प्रांतांची सर्वांत मोठी हानि झाली, त्यांत बहुतांशीं खेड्यांचा असलेला मध्यप्रांत व वऱ्हाड अग्रभागीं होता.

जगाचा अनुभवही असाच दुहेरी आहे. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मन ताब्यांतील हॉलंडमध्यें ॲमस्टरडॅमचे नागरिक सायकलींवर आणि पायीं खेडोपाडीं हिंडले, आणि घरांतलें तागाचें कापड व दागिने देऊन त्यांनीं बटाटे मिळविले. तेथें खेड्यानें नगरास जगविलें. याच्या अगदीं उलट, १९३२-३३ सालीं युक्रेनमध्यें सरकारनें शेतकऱ्यांच्या कोठारांतला दाणा उचलून नेला आणि त्यांस गांव सोडण्याचीही बंदी केली. शहरांतल्या कामगारास शिधापत्रिकेवर तुटपुंजी कां होईना भाकर मिळत होती, आणि ती पिकविणारा मरत होता. बंगालमध्यें १९४३ सालीं तेंच घडलें. कलकत्त्याच्या कारखान्यांतील कामगारांसाठीं धान्याची तजवीज झाली होती. त्याच शहराच्या पदपथांवर जे मेले, ते खेड्यांतून आलेले भूमिहीन मजूर, कोळी आणि कारागीर होते. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत या दुष्काळाची चिकित्सा करून दाखवून दिलें कीं, देशांत धान्य आहे कीं नाहीं यापेक्षां तें मिळविण्याचा अधिकार कोणापाशीं आहे, यावर मरण अवलंबून असतें.

नांदुऱ्याच्या स्टेशनावर १८९९ सालीं जें दिसलें, त्याचेंच हें शास्त्रीय निरूपण म्हणावें लागेल. आमच्या मतें गांव कीं नगर या वादाचें बीज येथें आहे. संकटांत तरतो तो कणगीजवळ राहणारा असें नाहीं. ज्याचा कणगीवरचा हक्क संकटांतही इतरांस मान्य असतो, तो तरतो. हा हक्क कधीं खळ्यावरच्या वांट्याचा असतो, कधीं शिधापत्रिकेचा, कधीं मजुरीचा, तर कधीं निव्वळ नात्यागोत्याचा.

हक्क दिला म्हणजे काय होतें, याचें उदाहरणही आपल्याच राज्यांत आहे. १९७२ चा दुष्काळ अवर्षणाच्या दृष्टीनें लहान नव्हता. परंतु त्या वेळीं मागेल त्यास काम देण्याचा आग्रह लोकांनीं धरला. पाझर तलाव, रस्ते, नालाबंदी अशा कामांवर १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें पन्नास लक्ष माणसें होतीं. परदेशची तांबडी मिलो खावी लागली, हाल झाले. पण छप्पन्नच्या दुष्काळाप्रमाणें गांवें उठलीं नाहींत. त्याच अनुभवांतून १९७७ सालीं महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदा केला. जमीन तीच, पाऊस तसाच चुकलेला. बदलला होता तो मजुराचा हक्क.

आणि हक्क तुटला म्हणजे काय होतें, तें २०२० च्या वसंतांत दिसलें. २४ मार्चच्या रात्रीपासून देश बंद झाला. शहरांत धान्य होतें, औषध होतें, पैसाही होता. परंतु बांधकामावरच्या किंवा कारखान्यांतल्या परप्रांतीय मजुराची शिधापत्रिका गांवीं, घर गांवीं आणि त्यास ओळखणारें माणूसही गांवींच. त्या शहरांत तो राहत होता, पण त्या शहराचा नव्हता. म्हणून तो चालूं लागला. ८ मे रोजीं औरंगाबादेजवळ करमाड येथें लोहमार्गावर झोंपलेले सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडून मेले. ते जालन्याहून भुसावळाकडे, गांवची गाडी मिळेल या आशेनें, चालत निघाले होते. त्यांस गांवाकडे ओढणारी वस्तु पिकलेलें शेत ही नव्हती. आपणांस दारांतून कोणी घालविणार नाहीं, एवढा विश्वास ती होती.

आतां आजच्या नांदुऱ्याकडे पाहून मूळ प्रश्नास उत्तर देतां येईल. तालुक्यांत पिकतें तें मुख्यतः सोयाबीन आणि कापूस. घरांत भाकरीपुरती ज्वारी पेरणारे अजून आहेत, पण सोयाबीनच्या राशीवर बसून कोणाची भूक भागत नाहीं. ती विकून आलेल्या पैशांनींच पीठ येतें. पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे. त्यांतल्या गांवांत विहीर खणली तरी पाणी मचूळ लागतें, आणि पिण्याचें पाणी दुरून नळानें आणावें लागतें. पंप विजेवर, बियाणें दुकानांतलें, खत कारखान्यांतलें, आणि नांगराच्या जागीं डिझेलचा ट्रॅक्टर. २००६ सालीं केंद्र सरकारनें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें ज्या सहा जिल्ह्यांस खास साहाय्य जाहीर केलें, त्यांत बुलढाणा होता. म्हणजे समाजाची घडी नीट बसलेली असतांनाही येथल्या शेतकऱ्याचा तोल सुटत होता. अशा गांवास संकटकाळचा किल्ला समजणाऱ्या शहरवासीयानें पेवें बुजून गेलीं आणि गढ्या ढासळल्या, हें ध्यानांत घ्यावें.

तरीही आम्हांस निवड करावयास सांगितली, तर अल्पकाळच्या अरिष्टांत, विशेषतः साथींत, आम्ही गांवाचें पारडें जड मानूं. तेथें मोकळी जागा आहे, माणसें एकमेकांस नांवानें ओळखतात, आणि उसनें मागण्याची लाज नाहीं. लांबलेल्या दुष्काळांत मात्र, सरकार ठिकाणावर असेपर्यंत, नगराचा टिकाव अधिक लागतो. आणि सरकारच उरलें नाहीं, तर दादो नरसू काळ्यांच्या काळाप्रमाणें दोघांचीही शीव पुसली जाईल. ज्यास गांवांत जमीन नाहीं आणि शहरांत पत्ता नाहीं, त्याचा बळी तिन्ही प्रसंगीं पहिला पडतो. हा निष्कर्ष सुखद नाहीं, पण सहाशें वर्षांची साक्ष याच बाजूस पडते.

म्हणून संकटाच्या भयानें गांवीं चार एकर घेऊन ठेवावे कीं काय, असा विचार करणाऱ्या आमच्या वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे. शेत घेण्यास हरकत नाहीं. परंतु ज्या गांवाशीं सुकाळांत कांहीं देणेंघेणें ठेवलें नाहीं, तें गांव दुष्काळांत आपला वांटा कां मान्य करील? आणि आपल्या शहरांतील ज्या मजुरानें घर बांधलें, त्याचें नांव तेथल्या शिधावाटपाच्या यादींत आहे कीं नाहीं, याची चौकशी शांततेच्या दिवसांत केली नाहीं, तर अरिष्टाच्या दिवशीं ती करावयास वेळ मिळणार नाहीं. जुनें पेव पुन्हां खणणें कदाचित् शक्य नसेल. पण त्यांतल्या दाण्यावर कोणाकोणाचा हक्क आहे, हें आधीं ठरवून ठेवण्याचें शहाणपण आजही आपल्या हातांत आहे.